हिशेबवहीचे दुसरे पान

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर. व्याख्याते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. – संपादक)



या अभ्यासवर्गात कोणत्या विषयावर बोलाल, अशी विचारणा झाली तेव्हा शेतमालाचे भाव किंवा सहकाराचे अर्थकारण असा माझ्या सवयीचा एखादा विषय कळवावा, असे माझ्या मनात होते. परंतु त्याच सुमारास आपला एक तरुण कार्यकर्ता माझ्याकडे आला. त्याच्या वस्तीतील चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी एकच वाद चालतो. एकजण मोबाइलवर आलेला तक्ता वाचून दाखवितो : मुसलमानांची संख्या किती वाढली. आपला कार्यकर्ता दुसरा तक्ता पुढे करतो : मुसलमान किती मागे पडले. दोन्ही तक्त्यांखाली सरकारी अहवालांची नावे असतात आणि दोघांपैकी कोणीही तो अहवाल पाहिलेला नसतो. "सर, माझा आकडा खरा आहे ना, एवढंच सांगा," तो म्हणाला. मी आकडा पाहिला. तो खरा होता. अडचण अशी होती की त्याच्या प्रतिपक्षाचाही आकडा खराच होता.

आजचा विषय मला तेथे मिळाला. आपण समजतो की अपप्रचार म्हणजे खोटे बोलणे. पुष्कळदा तसे असतेही. तथापि मुसलमानांविषयीच्या वादात जे नुकसान होते, त्याचा मोठा भाग खऱ्या आकड्यांनी होतो. ज्या हिशेबवहीची अर्धी पाने फाडून टाकलेली आहेत तिच्यातील उरलेली प्रत्येक नोंद बिनचूक असू शकते; तरीही ती वही खोटीच होय. ही फाडाफाड मुस्लिमद्वेष पसरविणारे करतात, हे आपण जाणतो. ती आपणही करतो, हे मात्र आपण सहसा बोलत नाही. आज मी दोन्ही बाजूंविषयी बोलणार आहे. दोन्ही बाजू सारख्याच आहेत, असे मला मुळीच सुचवायचे नाही. एका बाजूच्या फाडलेल्या पानांमुळे लोकांची घरे जळतात. दुसऱ्या बाजूच्या फाडलेल्या पानांमुळे ती घरे वाचविणाऱ्यांवरचा विश्वास उडतो. पहिले अधिक भयंकर आहे, परंतु आपल्या हाती आहे ते दुसरे.

प्रथम शब्दाविषयी. 'इस्लामोफोबिया' हा शब्द १९९७ साली ब्रिटनमधील रनिमीड ट्रस्ट या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालामुळे सार्वत्रिक झाला. आपल्याकडे मुस्लिमद्वेष म्हटले तरी काम भागते. या शब्दाभोवती दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की असला काही द्वेष नसतोच. असते ती केवळ धर्माची चिकित्सा. दुसऱ्या तटातील काहींचे म्हणणे असे की मुसलमानांच्या रूढींविषयी कोणीही कठोर बोलला की तो द्वेषच. हमीद दलवाई यांच्या वाट्याला या दोन्ही चुका आल्या. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी अवघ्या सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सरकारच्या दारी नेला. मागणी होती ती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. आज दलवाईंची मुस्लिम जातीयवादावरील टीका ज्यांच्या तोंडी असते, ते त्याच दलवाईंनी हिंदू पुनरुज्जीवनवादावर केलेली टीका गाळतात. आणि आपल्यापैकी कित्येकजण, उगाच गैरसमज नको म्हणून, दलवाईंचे नावच घेत नाहीत. हा आपला माणूस. राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या मुशीत घडलेला. त्याला आपण दुसऱ्यांच्या हवाली करून मोकळे झालो.

चिकित्सा आणि द्वेष यांत फरक कसा करावा? माझी कसोटी साधी आहे. टीका कोणत्या मागणीपाशी येऊन थांबते ते पाहावे. मुस्लिम स्त्रीला अधिक हक्क द्या, मुस्लिम मुलाला चांगली शाळा द्या, या मागणीपाशी ती थांबत असेल तर शब्द कितीही कडू असोत, ती सुधारणा होय. याला घर भाड्याने देऊ नका, याच्या गाडीवरचे फळ घेऊ नका, येथे ती थांबत असेल तर भाषा कितीही सोज्वळ असो, तो द्वेष होय.

आता लोकसंख्येच्या तक्त्याकडे येऊ, कारण टपरीवरचा वाद तेथूनच सुरू होतो. सप्टेंबर २००४ मध्ये २००१ च्या जनगणनेची धर्मवार आकडेवारी प्रसिद्ध झाली. १९९१ ते २००१ या दशकात मुसलमानांची वाढ ३६ टक्के झाली, असा आकडा दुसऱ्या दिवशी सर्वत्र छापून आला आणि एकच गहजब उडाला. वस्तुतः १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नव्हती. २००१ साली मात्र झाली. म्हणजे एका वर्षीच्या बेरजेत मुस्लिम बहुसंख्या असलेले एक संपूर्ण राज्य नव्हते आणि दुसऱ्या वर्षीच्या बेरजेत होते. ही दुरुस्ती केल्यावर आकडा सुमारे २९ टक्क्यांवर आला. जनगणना कार्यालयाने दुरुस्त आकडे दिले. परंतु दुरुस्ती मथळ्याच्या मागे धावत राहते, तिला मथळा कधी गाठता येत नाही. तो ३६ चा आकडा मी पुढे अनेक वर्षे व्यासपीठांवरून ऐकला आहे.

त्यानंतरच्या दशकात, २००१ ते २०११ मध्ये, मुसलमानांची वाढ २४.६ टक्के आणि हिंदूंची १६.८ टक्के झाली. लोकसंख्येतील मुसलमानांचे प्रमाण १३.४ वरून १४.२ टक्के झाले. आता याच एका तक्त्यातून किती निरनिराळी वाक्ये काढता येतात पाहा. 'मुसलमान हिंदूंपेक्षा वेगाने वाढले' हे खरे. 'मुसलमानांच्या वाढीचा वेग एका दशकात चारपाच टक्क्यांनी घसरला, हिंदूंचा सुमारे तीन टक्क्यांनी' हेही खरे. 'त्या दहा वर्षांत देशात हिंदू सुमारे १३.९ कोटींनी वाढले, मुसलमान ३.४ कोटींनी' हेसुद्धा खरे. प्रत्येक वक्ता आपल्या सोयीचे एक वाक्य उचलतो आणि उरलेली दोन टाकून देतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी अशा वेळी दर कोठे चालला आहे ते पाहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ साली, एका स्त्रीला सरासरी होणारी मुले हिंदूंत ३.३ आणि मुसलमानांत ४.४ होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ती अनुक्रमे १.९ आणि २.४ झाली. म्हणजे दोहोंतील अंतर एका अख्ख्या मुलाहून अधिक होते, ते अर्ध्या मुलाच्याही आत आले. शिवाय केरळातील मुस्लिम स्त्रीला होणाऱ्या मुलांची सरासरी बिहारमधील हिंदू स्त्रीहून कमी आहे. मुलांची संख्या प्रार्थनेच्या दिशेवरून ठरत नाही. मुलीची शाळा, तिचे लग्नाचे वय, जवळचा दवाखाना आणि घरातली मिळकत यांचा तिच्याशी निकटचा संबंध असतो.

परंतु येथे आपल्याकडील फाडलेले पानही दाखविले पाहिजे. 'फरक काही नाहीच, सारा अपप्रचार आहे' असे आपले वक्ते सांगून जातात. फरक आहे. तो झपाट्याने कमी होत आहे, तरी आहे. आणि केवळ दारिद्र्याने त्याचा पूर्ण उलगडा होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. जो कार्यकर्ता 'फरक नाही' म्हणतो, त्याच्यासमोर प्रतिपक्षाने जनगणनेचा तक्ता ठेवला की तो तेथेच हरतो. त्यानंतर तो जे खरे सांगेल त्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.

आता मी माझ्या स्वतःच्या चुकीकडे वळतो. १९८७ ची गोष्ट. मी तेव्हा नुकताच प्राध्यापकीत आलो होतो. शाहबानो खटल्याचा निकाल १९८५ च्या एप्रिलमध्ये लागला होता आणि तो निष्प्रभ करणारा कायदा १९८६ मध्ये संसदेने संमत केला होता. सर्वत्र सभा, परिसंवाद चालले होते. सोलापुरातील अशा एका सभेत मी बोललो. मुसलमान चारचार बायका करतात, या प्रचाराला उत्तर म्हणून स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीच्या १९७४ च्या अहवालातील आकडे मी वाचून दाखविले : बहुपत्नीक विवाहांचे प्रमाण मुसलमानांत ५.७ टक्के, हिंदूंत ५.८ टक्के. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून विड्या वळणाऱ्या कामगारांपैकी एक प्रौढ मुस्लिम बाई उठल्या. म्हणाल्या, "मास्तर, दुसरी किती जणांनी केली ते तुम्ही मोजलं. पहिलीला किती जणांनी टाकलं, ते कुणी मोजलं का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि सभा पुढे चालू झाली. नंतर लक्षात आले की त्या बाईंनी एका वाक्यात माझी सारी संख्याशास्त्रीय कसरत उघडी पाडली होती. मी मोजली होती पुरुषांची अब्रू. त्या विचारीत होत्या स्त्रियांचे पोट. माझ्या तक्त्यात मुसलमान पुरुष हिंदू पुरुषाहून वाईट नाही, एवढेच सिद्ध होत होते. टाकलेल्या बाईचा रकानाच त्यात नव्हता. मुसलमानांचाही नव्हता आणि हिंदूंचाही नव्हता. परित्यक्तांचा प्रश्न महाराष्ट्रात संघटितपणे पुढे आला तो त्याच दशकाच्या अखेरीस, आणि त्यात समाजवादी कार्यकर्त्यांचा पुढाकार होता, ही आपल्या चळवळीची जमेची बाजू. ज्या हिंदू स्त्रियांना नवऱ्यांनी घटस्फोटही न देता वाऱ्यावर सोडले होते त्यांच्या कहाण्या बाहेर आल्या, तेव्हा सोलापूरच्या त्या बाईंचा प्रश्न दोन्ही समाजांना सारखाच लागू होता, हे दिसून आले.

माझी चूक येथेच संपली असती तर ती अजाणतेपणाची म्हणता आली असती. पण ती पुढे चालू राहिली. १९७४ च्या अहवालातील ते आकडे मुळात १९६१ च्या जनगणनेच्या वेळी जमविलेले. त्यांत तीन दशकांतील विवाह होते. मुंबई प्रांतात हिंदूंना द्विभार्याबंदी झाली १९४६ साली आणि देशभर झाली १९५५ साली. म्हणजे त्या विवाहांपैकी पुष्कळसे हिंदूंनाही दुसरी बायको करण्याची मुभा असतानाचे होते. पुढे कुटुंब आरोग्य पाहणीने नवे आकडे दिले. २००५-०६ मध्ये ते मुसलमानांत सुमारे २.५ आणि हिंदूंत १.८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये अनुक्रमे १.९ आणि १.३. प्रथा दोन्हीकडे ओसरत आहे, दोन्हीकडे अत्यल्प आहे; परंतु मुसलमानांत ती थोडी अधिक आहे. नवा तक्ता माझ्या टेबलावर आला होता. मी तो पाहिला आणि मिटून ठेवला. त्यानंतरही काही वर्षे व्याख्यानांत मी जुनाच आकडा सांगत राहिलो, कारण तो अधिक सोयीचा होता. माझ्या विद्यार्थ्याने परीक्षेत असे केले असते तर मी त्याचे गुण कापले असते.

नव्या आकड्याने आपला मुद्दा दुबळा झाला असता का? मुळीच नाही. शंभरातील अठ्ठ्याण्णव मुस्लिम संसारांत एकच पत्नी आहे. 'चार बायका, पंचवीस मुले' या आरोळीचे उत्तर त्यातच आहे. आणि ज्या दोन संसारांत सवत आहे, तेथील स्त्रीला कायद्याचा आधार हवा की नको, हा प्रश्न टक्केवारीवर अवलंबूनच नाही. २००१ साली दानियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की घटस्फोटितेच्या पुढील आयुष्यासाठीची वाजवी तरतूद पतीने इद्दतच्या काळातच करून दिली पाहिजे. शाहबानो हे नाव दोन्ही तट आजही उच्चारतात. हा निकाल दोघांच्याही भाषणांत क्वचितच येतो. कारण तो कोणाच्याच कथेत बसत नाही. वकिलाचा शोध घेणाऱ्या स्त्रीच्या तो उपयोगी आहे, एवढाच त्याचा गुण.

तिसरे उदाहरण नमुना कसा निवडला जातो याचे आहे. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन येथे तबलिगी जमातीच्या मरकजमध्ये मोठा जमाव राहिला आणि तेथून करोनाचा संसर्ग अनेक राज्यांत गेला. १८ एप्रिल रोजी केंद्रीय आरोग्य खात्याने सांगितले की देशातील १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे जवळजवळ ३० टक्के, या एका घटनेशी संबंधित आहेत. आकडा खोटा नव्हता. परंतु त्या काळी देशात चाचण्या अत्यल्प होत होत्या, आणि ज्यांना हुडकून हुडकून तपासले जात होते त्यांत या जमातीचे लोक अग्रभागी होते. जेथे दिवा धरला तेथेच वस्तू सापडली आणि बाकीच्या अंधारात काही नाहीच, असा निष्कर्ष काढला गेला. त्यातून गावोगाव भाजी विकणाऱ्यांची नावे विचारली जाऊ लागली. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याचे म्हटले. हे एक पान झाले. दुसरे पान असे की दिल्ली सरकारने १३ मार्चला दोनशेहून अधिक आणि १६ मार्चला पन्नासहून अधिक लोकांच्या जमावाला मनाई केली होती, आणि तरीही मरकजमधील गर्दी वेळेवर मोकळी झाली नाही. ही बेपर्वाई होती. ती बेपर्वाई म्हणण्यास आपण का कचरलो? एका संस्थेच्या चालकांचा दोष कबूल केल्याने कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यावर डाग येत नाही. उलट आपण तो दोष नाकारला, म्हणजे चालक आणि भाजीवाला एकच आहेत, हे प्रतिपक्षाचे गृहीत आपणच स्वीकारले.

चौथे उदाहरण मुंबईचे आहे, आणि ते सांगताना आवाज खाली येतो. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई जळाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला. त्यानुसार ९०० माणसे मेली : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ४५ जणांची ओळखच पटली नाही. एकट्या पोलीस गोळीबारात ३५६ जण गेले. या अहवालातून एकजण जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीचे पान काढतो, जेथे हिंदू कुटुंबे जाळली गेली. दुसरा सुलेमान उस्मान बेकरीचे पान काढतो, जेथे पोलिसांनी निःशस्त्र मुसलमानांना गोळ्या घातल्या. एकजण माथाडी कामगारांचे खून सांगतो, दुसरा मोहल्ल्यांतील जळालेली घरे सांगतो. दोन्ही पाने त्याच अहवालात आहेत. किंबहुना दोन्ही त्यात आहेत म्हणूनच तो अहवाल आदरास पात्र आहे.

संपूर्ण वाचला तर तो 'दोघांचेही चुकले' असे गुळमुळीत काही सांगत नाही. ६ डिसेंबरनंतरचा मुस्लिम जमावांचा पहिला उद्रेक उत्स्फूर्त आणि नेतृत्वहीन होता व नंतर तो हिंसक झाला, असे तो म्हणतो. ८ जानेवारीपासूनचे हल्ले शिवसेनेने आणि तिच्या नेत्यांनी संघटित केले, असे तो म्हणतो. पोलिसांच्या पक्षपाताची नोंद करून ३१ पोलिसांची नावे देतो. १२ मार्च १९९३ च्या ज्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली, त्यांमागे ही दंगल एक कारण होती असे सांगतो. स्फोटांचे समर्थन मात्र करीत नाही. सर्व पाने वाचल्याने दोष समसमान वाटला जात नाही. तो ज्याचा त्याच्या पदरात पडतो. त्या वेळच्या युती सरकारने अहवाल एकांगी ठरवून फेटाळला, हे आपण सांगतो. त्याच अहवालाच्या अंमलबजावणीचे आश्वासन देऊन १९९९ मध्ये सत्तेवर आलेल्यांनी पुढील पंधरा वर्षांत काय केले, हेही सांगितले पाहिजे. स्फोटांच्या खटल्यात १०० आरोपी दोषी ठरले. दंगलीच्या खटल्यांत शिक्षा झालेल्यांची संख्या बोटांवर मोजता येण्याजोगी राहिली. एकाच शहरातील, एकाच हिवाळ्यातील मृतांना न्यायाची दोन मापे लागली. मुस्लिमद्वेष हा केवळ मनातील भाव नसून तो व्यवस्थेतही असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. तो पुरावा ठणकावून सांगण्याचा अधिकार मात्र राधाबाई चाळीचे पान न लपविणाऱ्यालाच आहे.

शेवटी सच्चर समिती. २००५ च्या मार्चमध्ये नेमलेल्या या समितीने २००६ च्या नोव्हेंबरात अहवाल दिला. त्यातील एक आकडा सर्वांना पाठ असतो : लोकसंख्येत १३.४ टक्के असलेल्या मुसलमानांचे भारतीय प्रशासन सेवेतील प्रमाण ३ टक्के. हा आकडा आपण भेदभावाचा पुरावा म्हणून देतो. प्रतिपक्ष म्हणतो, शिकत नाहीत तर नोकरी कोठून मिळणार? त्याच अहवालात असेही आहे की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर ४ टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे ३ टक्क्यांची कथा नोकरीच्या मुलाखतीत सुरू होत नाही. ती शाळेच्या दारात सुरू होते. मग शाळा का सुटते? 'मदरशात घालतात म्हणून' हे उत्तर तर समितीने निकालातच काढले. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी फक्त ३ टक्के मदरशांत जातात, असे तिला आढळले. उरते ते दारिद्र्य, वस्तीपासून दूर असलेली सरकारी शाळा, मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर लवकर जुंपले जाणारे हात.

मग नोकरीत भेदभाव नाहीच का? आहे, पण त्याचा पुरावा वेगळ्या ठिकाणी सापडतो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सारखीच पात्रता असलेले नोकरीचे अर्ज त्यांनी खासगी कंपन्यांकडे पाठविले. फरक ठेवला फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावापेक्षा दलित नावाला कमी बोलावणी आली आणि मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. येथे शिक्षणाची सबब चालत नाही, कारण शिक्षण सारखेच होते. कच्चा पुरावा टाकून पक्का पुरावा हाती घेतल्याने आपले काही जात नाही, हे या एका उदाहरणावरून पटावे.

सच्चर अहवालातील दोन पाने मात्र आपल्याच बाजूचे लोक उलटून पुढे जातात. पहिले पश्चिम बंगालचे. तेथे मुसलमान २५ टक्के होते, आणि तीन दशके डाव्यांचे राज्य होते. तरी राज्याच्या नोकऱ्यांत त्यांचा वाटा ५ टक्क्यांपर्यंतही पोचत नव्हता. तेथे त्या काळात दंगली फारशा झाल्या नाहीत, ही मोठी गोष्ट. पण जीव वाचविणे म्हणजे जगू देणे नव्हे. दुसरे पान जातीचे. मुसलमानांपैकी सुमारे ४१ टक्के लोक इतर मागासवर्गीय असल्याचे अहवाल सांगतो. आपल्या गावातील बागवान, मोमीन, पिंजारी, खाटीक, तांबोळी यांना 'मुसलमान' या एकाच शब्दात कोंबले, की द्वेष करणाऱ्याचेही काम सोपे होते आणि समाजाचे पुढारपण करणाऱ्या वरच्या थरातील मंडळींचेही. महाराष्ट्रातील मुस्लिम ओबीसी चळवळीने हे नव्वदच्या दशकातच सांगितले होते. समाजवाद्यांना तरी ते पुन्हा समजावून सांगावे लागू नये.

साथींनो, आता त्या टपरीवर परत जाऊ. आपल्या कार्यकर्त्याने उद्या काय करावे? मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. एक : समोरच्याचा आकडा खरा असेल तर प्रथम 'खरा आहे' असे म्हण, मग त्याच तक्त्यातील पुढची ओळ वाचून दाखव. दोन : आपल्याला आवडणारा आकडा किती साली जमविला आणि त्यात कोण मोजलेच गेले नाही, हे स्वतःला विचार, शक्य तर ते समोरच्याने विचारण्यापूर्वीच विचार. तीन : जे माप दुसऱ्या समाजाला लावतोस तेच आपल्याला लाव, हिंदू घरातील टाकलेली बाई आणि मुस्लिम घरातील टाकलेली बाई एकाच रकान्यात लिही.

तो म्हणाला, "सर, असं केलं तर वाद मी जिंकणार नाही." बहुधा नाही जिंकणार. टपरीवरचे वाद तेथेच जिंकले जात नाहीत. पण त्या टपरीवर एक तिसरा माणूसही असतो. तो बोलत नाही. चहा पितो आणि ऐकतो. दोन वकिलांपैकी कोणावर विश्वास ठेवावा, हे त्याला कळत नाही, म्हणून तो शेवटी आपल्या जातीच्या, आपल्या धर्माच्या वकिलाकडे झुकतो. त्याला एकदा जरी असा माणूस दिसला, की जो स्वतःच्या विरुद्ध जाणारी ओळही मोठ्याने वाचतो, तर पुढल्या वेळी वस्तीत अफवा उठेल तेव्हा तो त्या माणसाकडे येऊन विचारील : "हे खरं आहे का हो?" १९९३ च्या जानेवारीत मुंबईच्या कित्येक गल्ल्यांत असे विचारण्याजोगे कोणी उरले नव्हते. असा माणूस गल्लीत असणे, हे आपल्या पक्षाचे काम आहे; निवडणुका येतील आणि जातील.

सोलापूरच्या त्या बाई मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे पुरे उत्तर आजही माझ्यापाशी नाही. एवढेच सांगू शकतो, की तेव्हापासून कोणताही तक्ता हातात आला की त्यात कोणता रकाना नाही, ते मी आधी पाहतो; आणि ज्या वर्षांत मी ते पाहिले नाही, त्या वर्षांबद्दल आज आपणा सर्वांसमोर कबुली देतो.